डिचोलीतली लाल मारुती: नवा रंग मारायचा की असलेला वाचवायचा?

गाडी मारुती ८००, १९९६ची, लाल, जीए ०१ मालिकेतल्या नंबरची. मालक गोव्यातल्या डिचोलीतले निवृत्त मराठी प्राथमिक शिक्षक. गाव त्यांना मास्तर म्हणतो, मीही तेच म्हणेन. गाडी पहिल्या दिवसापासून त्यांच्याच दारात उभी आहे. खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाली की पुढे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. ती तारीख जवळ आली होती, आणि गाडी आता लाल कमी, गुलाबी जास्त दिसत होती. एका वर्कशॉपने सगळी गाडी घासून नवा रंग मारायचा सल्ला दिला होता. मास्तरांच्या भाच्याचं म्हणणं होतं की आधी मशीनने पॉलिश करून बघू. त्याने याआधी पॉलिशिंग मशीन हातात धरलेलं नव्हतं. जुन्या गाड्यांच्या रंगाचं काम मी करतो, म्हणून दोघं माझ्याकडे आले.

माझं मत पहिल्यापासून भाच्याच्या बाजूने होतं. कारखान्यातला रंग काचा, रबर, वायरिंग काहीही बसवण्याआधी उघड्या सांगाड्यावर चढतो आणि साधारण १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजला जातो. तयार गाडीला तेवढी उष्णता देताच येत नाही. चांगल्यातल्या चांगल्या बूथमध्येही, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीतही, ६० अंशांच्या आसपास थांबावं लागतं, आणि गावातल्या बहुतेक शेडमध्ये तर रंग उन्हावरच वाळतो. त्यात गोव्याची हवा खारी. जुना रंग पत्र्यापर्यंत घासला की कोपऱ्यांत, जोडांत ओल शिरायला वाट मिळते. म्हणून कारखान्याचा रंग जोवर पत्र्याला धरून आहे तोवर तो जपावा, असं मी प्रत्येकाला सांगतो. मात्र जपायचा म्हणजे तो किती उरलाय हे आधी कळायला हवं.

गुलाबी का झाली

बॉनेटवरून बोट फिरवलं की फळ्यावरच्या रंगीत खडूसारखी पूड बोटाला लागत होती. उन्हातले अतिनील किरण रंगातल्या राळेला, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणाऱ्या बांधणीला, तोडत जातात. बांधणी गेली की रंगद्रव्याचे कण वर सुटे पडतात. पृष्ठभाग खडबडीत होतो, प्रकाश चहूकडे विखुरतो आणि डोळ्याला रंग फिका दिसतो. लाल रंगात हे लवकर होतं. बॉनेट आणि छत आडवं असल्यामुळे तिथे सर्वात जास्त, दारांवर त्यामानाने कमी.

डिचोलीच्या गाडीला आणखी एक त्रास असतो. साखळी, मये, डिचोली या पट्ट्यात सप्टेंबर २०१२मध्ये खाणी बंद होईपर्यंत लोहखनिजाचे ट्रक दिवसभर धावायचे. त्या लाल धुळीतलं हेमेटाइट मोह्सच्या मापावर साडेपाच ते साडेसहा इतकं कठीण असतं. गाडीचा रंग त्यापुढे फारच मऊ. मास्तरांनी वर्षानुवर्षं रोज सकाळी गाडीवर कोरडा फडका मारला, प्रेमाने मारला, आणि ती धूळ तितक्याच नेमाने रंगावर घासली गेली. टॉर्च धरला की दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ते यामुळेच. आपल्याकडे गाडी पुसणं म्हणजेच गाडीची निगा असं समजतात. खाणपट्ट्यात तरी हे उलटं आहे: पाणी नसेल तर धूळ तशीच राहू द्यावी.

मशीन लावण्याआधी

पहिला दिवस फक्त बघण्यात घालवायचा, हे मी भाच्याला आधीच सांगितलं होतं. त्याला घाई होती. पण अशा कामात निकाल इथेच ठरतो.

आधी पाण्याची चाचणी. धुतलेल्या बॉनेटवर पाणी ओतलं तर ओल्या जागी लाल रंग पुन्हा गडद दिसला. खडबडीत पृष्ठभागाच्या खळग्या पाण्याने भरल्या की प्रकाश विखुरणं थांबतं. म्हणजे खाली रंग शाबूत आहे, वरचा थरच मेला आहे. ओलं केल्यावरही पांढरे डाग राहिले असते, कडा पापुद्र्यासारख्या सुटत असत्या, तर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, गेला असं समजून आम्ही तिथेच थांबलो असतो. सुटलेला क्लिअर कोट कुठल्याही पॉलिशने परत बसत नाही.

मग पांढऱ्या फडक्यावर थेंबभर कंपाउंड, म्हणजे रंग घासायची खरखरीत पेस्ट, घेऊन हाताने घासून पाहिलं. बॉनेटवर फडकं लाल झालं. म्हणजे इथे क्लिअर कोट नाही, वरचा थरच रंगाचा. याला सिंगल स्टेज म्हणतात. डाव्या पुढच्या दारावर मात्र फडकं पांढरंच राहिलं. तिथे वर क्लिअर आहे, अर्थात ते दार कधीतरी बाहेर रंगवलेलं आहे. मास्तरांना आठवलं: फोंड्याला जाताना एका रिक्षाने घासलं होतं, तेव्हा डेंटिंग-पेंटिंग केलं होतं.

शेवटी जाडी मोजायचं यंत्र. ते पत्र्यावर ठेवलं की वरच्या सगळ्या थरांची मिळून जाडी मायक्रॉनमध्ये दाखवतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कारखान्याचा रंग प्रायमरसकट, म्हणजे खालच्या अस्तरासकट, साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. बॉनेटवर १०५ ते ११२ मिळाले, उजव्या दारांवर ११५च्या आसपास. डाव्या पुढच्या दारावर २४०, आणि डाव्या मागच्या चाकाच्या वर यंत्राने ७००च्या वरचा आकडा दाखवला. तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी, भरलेली आहे, दुसरं काही नाही. छताच्या पुढच्या भागात ८८, पण मागच्या उजव्या कोपऱ्यात ६८ ते ७०.

या शेवटच्या आकड्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. एखादं पॅनेल स्वतःहून इतकं पातळ होत नाही. चौकशी केल्यावर कळलं की बऱ्याच वर्षांपूर्वी घरात लग्न होतं म्हणून एका वर्कशॉपमध्ये गाडीला ‘रबिंग’ करून आणलं होतं. लोकरीचा पॅड लावलेलं रोटरी मशीन आणि जाड कंपाउंड वापरलं असणार. तेव्हा गाडी झगझगीत दिसली असेल, पण छतावरचा बराचसा रंग त्या चमकेत खर्च झाला. यंत्र एकूण जाडी सांगतं, थर वेगळे करून दाखवत नाही. ६८मधून प्रायमरचे ४०-४५ वजा धरले तर रंग पंचवीस मायक्रॉनच्या आसपासच उरतो. तेव्हाच ठरवलं की छताला कंपाउंड लावायचं नाही. भाचा हिरमुसला, कारण वरून बघणाऱ्याला छतच आधी दिसतं. पण त्याने वाद घातला नाही.

धुणं आणि झाकणं

धुण्यातला वेळ वाया जात नाही. ८००च्या छताच्या दोन्ही कडांना पन्हळ असते, तिच्यात, बॉनेटच्या फटीत, काचेखालच्या जाळीत आणि दारांच्या रबरामागे इतकी लाल माती निघाली की बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालं. फिरत्या पॅडखाली या मातीचा एक कण आला तरी नवा ओरखडा पडतो, म्हणून जुना टूथब्रश घेऊन प्रत्येक फट साफ केली. मग डांबराचे ठिपके काढले आणि क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी, फिरवला. सिंगल स्टेजवर क्लेलाही रंग लागतो, त्याला घाबरायचं नाही. भरपूर साबणपाणी ठेवायचं आणि दाब द्यायचा नाही.

नंतर मास्किंग टेप. जुन्या ८००चे काळे बंपर, दारावरच्या पट्ट्या, हँडल, वायपरखालची जाळी, हे सगळं खरखरीत प्लास्टिक. त्यात कंपाउंड शिरलं की पांढरं पडतं आणि निघता निघत नाही. टेपचं दुसरं काम कडांवर असतं. बॉनेटची कड, दाराची मधली रेघ, चाकावरची कमान, अशा जागी रंग सपाट भागापेक्षा पातळ बसलेला असतो, आणि पॅडचा सगळा दाब तिथेच एकवटतो. पहिल्यांदा काम करणाऱ्याच्या हातून प्रायमर दिसतो तो बहुतेक अशाच कडेवर. म्हणून प्रत्येक कडेवर टेप लावली.

उजव्या दाराच्या खालच्या कडेला गंजाचे फुगे होते. फुग्यावर पॅड फिरला की पापुद्रा उडतो, आत पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात भोक पडतं. तेवढा पट्टा टेपने बाजूला काढला. ते डेंटरचं काम, पॉलिशचं नव्हे.

मशीन हातात

भाच्याने ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घेतलं होतं, लोक त्याला डीए म्हणतात. रोटरीचा पॅड एकाच आसाभोवती सक्तीने फिरतो, त्यामुळे एका जागी उष्णता भराभर वाढते. डीएचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि शिवाय लहान वर्तुळात हलतो, आणि जास्त दाबलं की त्याचं फिरणं थांबतं. नवख्या हातासाठी हाच त्याचा मोठा गुण. पॅड फिरतोय की नुसता थरथरतोय हे आवाजावरून कळत नाही, म्हणून मागच्या प्लेटवर मार्करने एक जाड रेघ ओढून दिली. रेघ फिरताना दिसली पाहिजे. दिसेनाशी झाली किंवा जागच्या जागी थरथरली की दाब कमी करायचा किंवा पॅड सपाट धरायचा.

काम घराच्या पोर्चमध्ये, डिसेंबरमध्ये, सकाळच्या वेळी केलं. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा काहीच नीट वाळू देत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात पत्रा इतका तापतो की कंपाउंड लावता लावता वाळतं. हात ठेवून पत्रा गार लागला पाहिजे. एक्स्टेंशनची वायर खांद्यावरून मागे सोडायची, म्हणजे ती रंगावर घासत नाही. अंगठी, घड्याळ, बेल्टचं बक्कल उतरवून ठेवायचं. तोंडाला मास्क हवाच. त्या काळच्या लाल-पिवळ्या घन रंगांत शिशाची संयुगं असू शकतात, आणि सिंगल स्टेजवर उडणारी धूळ ही रंगाचीच धूळ असते.

चाचणीसाठी बॉनेटच्या एका कोपऱ्यात हातभर चौकोन आखून घेतला. सुरुवात नेहमी सर्वात सौम्य जोडीने करायची: मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश. त्याने गुलाबीपणा गेला, पण ओरखडे तसेच राहिले. मग मध्यम फोम आणि मध्यम कंपाउंड घेतलं, त्याने आतला लाल वर आला. जाड कंपाउंडचा डबा उघडलाच नाही. किती लाल झालं म्हणजे पुरे, हे ठरवायला आम्ही दार उघडून चौकटीतला रंग शेजारी धरला. तिथे ऊन कधी पोचलेलंच नसतं, त्यामुळे १९९६चा लाल तिथे जसाच्या तसा सापडतो. बॉनेटचा चौकोन त्याच्या जवळ पोचला की थांबायचं. अगदी तेवढाच व्हायला हवा असा हट्ट धरला की रंग विनाकारण खर्च होतो.

पद्धत सांगायला सोपी आहे, करायला हात बसावा लागतो. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन बंद असतानाच ते चौकोनावर टेकवून पसरायचे, नाहीतर सुरू करताच कंपाउंड भिंतीवर उडतं. पहिली फेरी कमी वेगाने, मग वेग चार-पाचवर. हात सेकंदाला इंचभर इतक्या संथ गतीने, आधी आडवा, मग उभा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत. अशा चार ते सहा फेऱ्या. भाचा सुरुवातीला मजल्यावर झाडू मारावा तसा हात फिरवत होता. मी त्याच्या मनगटावर हात ठेवून दोन पट्टे मारले. तेवढ्याने त्याला गती समजली.

सिंगल स्टेजमध्ये एक गोष्ट सतत करावी लागते, ती म्हणजे पॅड साफ करणं. मेलेला रंग पॅडमध्ये भरत जातो. दोन चौकोन झाले की पॅड लाल, जड आणि चिकट होतो, आणि मग कंपाउंड काम करायचं सोडून नुसतं घसरतं. प्रत्येक चौकोनानंतर नायलॉनच्या ब्रशने पॅड झाडायचा, एक पॅनेल झालं की नवा पॅड घ्यायचा आणि जुना साबणाच्या पाण्यात टाकायचा. बॉनेट, डिकी आणि दारं एवढ्याला तीन पॅड कमी पडतात.

काम झालेला चौकोन पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच बघायचा. पॉलिशमधली तेलं ओरखड्यांत बसून ते लपवतात, आणि न पुसता पाहिलं तर नसलेलं काम झाल्यासारखं दिसतं. बघायला टॉर्च हवा, ट्यूबलाइटखाली ओरखडे दिसत नाहीत.

बॉनेटवर दोन-तीन गोल खुणा राहिल्या. आंब्याचा चीक आणि पक्ष्यांची शीट यांनी रंग आतपर्यंत खाल्ला होता. त्या पूर्ण घालवायच्या तर शेजारचा सगळा रंग त्यांच्या तळापर्यंत उतरवावा लागला असता. राहू दिल्या.

कंपाउंडनंतर बॉनेट पुन्हा मोजलं: १०२ ते १०९. तीन मायक्रॉनच्या आसपास गेले होते. एवढ्यासाठी एवढा फरक पडत असेल तर सौदा चांगला. छताला ठरल्याप्रमाणे आधी तेलकट ग्लेझ हाताने लावून रात्रभर ठेवलं, म्हणजे कोरडा पडलेला रंग ते थोडं शोषून घेतो. सकाळी पुसून मऊ पॅड आणि बारीक पॉलिशच्या दोनच हलक्या फेऱ्या दिल्या. त्या उजव्या कोपऱ्यात मशीन नेलंच नाही. छत बॉनेटपेक्षा किंचित फिकं राहिलं.

दाराचा प्रश्न

या कामात मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते पुढे आलं. सगळी गाडी लाल झाल्यावर डावं पुढचं दार वेगळं दिसायला लागलं. आधी ते उठून दिसत नव्हतं. अपघातानंतर पेंटरने ते रंगवलं तेव्हा त्याने रंग शेजारच्या मडगार्डला जुळवला होता, आणि ते मडगार्ड तेव्हाच फिकं पडलेलं होतं. म्हणजे दारावर क्लिअरखाली कायमचा फिकट लाल बंद झाला होता. दार पॉलिश केलं, चमक छान आली, ओरखडे गेले, पण छटा बदलली नाही. क्लिअरच्या खालचा रंग पॉलिशने बदलत नसतो.

भाच्याला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. त्याने दारावर आणखी कंपाउंड लावायची तयारी केली. मास्तर ओट्यावर बसून बघत होते. ते म्हणाले, “अरे, दार तेच आहे. बाकीची गाडी बदलली.” नेमकं हेच घडलं होतं. शेजारचा एक म्हातारा पेंटर सहज बघायला आला होता. त्यानेही कोंकणीत सांगितलं, “चड घांसूं नाका रे, रंग वतलो.” म्हणजे, जास्त घासू नका, रंग जाईल.

जुन्या गाडीला हात लावण्याआधी मालकाला हे सांगायलाच हवं. गाडी फिकी असते तेव्हा सगळे जुने डाग, जोड, रंगवलेले भाग एकमेकांत मिसळून जातात. मूळ रंग वर आला की ते सगळे उघडे पडतात. मास्तरांना मी जाडीचे आकडे आले त्या दिवशीच हे बोललो होतो, त्यामुळे त्यांना धक्का बसला नाही. मागच्या चाकावरच्या लांबीच्या भागालाही मी बारीक पॉलिशच फक्त दिलं. लांबी तापली, हलली की वरचा रंग तडकतो.

नंतर

वर सिंथेटिक सीलंटचा एक थर दिला, त्यावर कार्नोबा मेण. मेण लावलं की जुना लाल आणखी खोल दिसतो, पण गोव्याच्या उन्हात आणि पावसात ते फार टिकत नाही. टिकायचं काम सीलंटचं. सिरॅमिक कोटिंगचा विषय भाच्याने काढला होता. मी नको म्हटलं. या रंगाला अधूनमधून थोडं तेल, थोडं मेण मिळत राहणं जास्त हिताचं, असा माझा अनुभव आहे.

मास्तरांना सवयीची एकच गोष्ट बदलायला सांगितली: कोरडा फडका बंद. आता ते विहिरीचं पाणी ओतून, मायक्रोफायबरने टिपून घेतात. टिपायचं, घासायचं नाही. प्लास्टिकचं कव्हरही काढून टाकायला लावलं. दमट हवेत त्याच्याखाली घाम साचतो आणि वाऱ्याने ते रंगावर घासत राहतं.

नोंदणीचं नूतनीकरण झालं. एक पावसाळा गेल्यावर मी गाडी पुन्हा पाहिली. बॉनेट आणि दारं लालच होती, बोटाला पूड लागत नव्हती. पाण्याचे थेंब मात्र आता बॉनेटवर गोल राहत नव्हते, सीलंट पुन्हा लावायची वेळ झाली होती. छत आणखी थोडं फिकं झालं होतं, ते मला अपेक्षित होतं. त्याला पुन्हा मशीन लावायचं नाही, वर्षातून दोनदा हाताने ग्लेझ आणि मेण. उजव्या दाराखालचे गंजाचे फुगे वाढले होते, ते काम डेंटरकडे दिलं.

त्याच खेपेला डावं दार नव्याने रंगवायचं ठरलं. भाचा म्हणाला, रंग चौकटीतल्या मूळ लालवरून मिळवू. मी पेंटरला शेजारच्या पॉलिश केलेल्या मडगार्डवरून मिळवायला सांगितलं, तेही मेण उतरवून आणि उन्हात धरून. दार रोज मडगार्डच्या शेजारी दिसणार आहे, चौकटीच्या नाही.